समुद्राकाठचे कौलारू घर : स्लॅब टाकण्यापूर्वी

प्रश्न : मी मूळची दापोली तालुक्यातली. लग्न होऊन अमळनेरला आले त्याला आता तीन तपे होत आली. आई गेल्यानंतर भावाने हक्कसोड करून माहेरचे घर माझ्या नावावर केले. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौले, पुढे ओटी, मागे पडवी असे हे जुने घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असून गेली काही वर्षे बंद आहे. पश्चिमेच्या भिंतीला भावाने पूर्वी सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तो आता फुगून पडतो आहे. माळ्यावर गळते, दोन वाशांना वाळवी लागली आहे, संडास अंगणापलीकडे आहे. आमचे इथले गवंडी घर पाहून आले. कौले उतरवून स्लॅब टाका, आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करा आणि खाली टाइल्स बसवा, असे ते म्हणतात. मुलगा म्हणतो, सगळे पाडून नवीनच बांधू. यजमान निवृत्त झाले आहेत आणि वर्षातले तीन-चार महिने तिथे राहण्याचा आमचा विचार आहे. पैसे मोजकेच आहेत. काय करावे?
— एक वाचक भगिनी, अमळनेर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो आणि मग त्याची कारणे सांगतो. घर पाडू नका, कौले उतरवून स्लॅब टाकू नका, आणि भिंतींना सिमेंटचा नवा गिलावा करण्याऐवजी पश्चिमेच्या भिंतीवर जो आहे तोही काढून टाका. हाताशी असलेला पैसा सर्वांत आधी छपरावर आणि घराभोवतीच्या पाण्याला वाट करून देण्यावर खर्च करा. स्वयंपाकघर, बाथरूम, रंग ही कामे त्यानंतरची आहेत.

तुमचे गवंडी कामात कच्चे आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. अमळनेर-चोपड्याकडे ते जे बांधतात ते इथल्या हवेला धरूनच असते. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वैशाखात पारा ४३-४४ अंशांवर जातो, म्हणून आपल्या जुन्या माणसांनी जाड मातीच्या भिंती, लहान खिडक्या आणि वर पांढऱ्या मातीचे सपाट धाबे अशी घरे बांधली. ऊन बाहेर ठेवणे हा त्या सगळ्या रचनेचा हेतू होता. दापोलीच्या किनाऱ्यावर मात्र चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, उरलेल्या आठ महिन्यांतही हवेत दमटपणा आणि मिठाचा अंश असतोच, आणि तिथल्या घराला खरी काळजी असते ती आत शिरलेला ओलावा बाहेर कसा पडेल याची. तुमच्या घरातली उंच उतरती कौले, पुढे आलेली पडवी, माळ्याखालचे झरोके, एवढेच काय, भिंतीतला मऊसर चुना, हे सगळे त्या एका काळजीपोटी आलेले आहे.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा तो इतका मऊ असतो की हत्याराने तासून त्याचे चिरे पाडता येतात, आणि उघड्या हवेत राहिला की तो हळूहळू कठीण होत जातो. असा चिरा पावसाळ्यात पाणी पितो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात ते सोडून देतो. सांध्यांतला चुना किंवा माती आणि वरचा चुन्याचा गिलावा पाण्याच्या या ये-जा करण्याच्या आड येत नाहीत. सिमेंटचा गिलावा येतो. त्याने पाण्याचे आत येणे पूर्णपणे थांबत नाही, कारण ते जोत्यातून वर चढते, फुटक्या कौलाखालून उतरते, गिलाव्यातल्या केसभर भेगांतूनही शिरते. बंद होते ती त्याची बाहेर जाण्याची वाट. पाण्यात विरघळलेले क्षार मग गिलाव्याच्या मागे साठतात, पाणी सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि वाढणारे हे स्फटिक दगडाचा वरचा थर आतून ढकलत राहतात.

पुढच्या वेळी गेलात की त्या पश्चिमेच्या भिंतीशी उभे राहून हातोडीच्या दांड्याने हलकेच ठोकत चला. जिथे बद्द आवाज येईल तिथे गिलावा भिंतीपासून सुटला आहे असे समजावे. तिथला एक पापुद्रा हाताने सोडवून त्याची मागची बाजू पाहा. तिच्यावर लालसर भुकटी चिकटलेली असेल आणि मधूनमधून पांढरी खार फुटलेली दिसेल. ती लाल भुकटी म्हणजे तुमच्या चिऱ्याचे अंग आहे. त्यावर सिमेंटचा आणखी एक थर चढवणे म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट घालून वर बटणे लावण्यासारखे होईल. हा गिलावा छिन्नीने, धीराने काढावा, ब्रेकर मशीन लावू नये; धक्क्याने जुने सांधे खिळखिळे होतात. भिंतीवरची खार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करावी, पाण्याने धुऊ नये, कारण धुतली की ती पुन्हा दगडातच मुरते. त्यानंतर भिंतीला एक पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा उघडी सुकू द्यावी. मध्ये पावसाळा आलाच, तर माडाच्या झापांचा आडोसा करण्याची कोकणातली जुनी पद्धत आजही तितकीच कामाची आहे.

स्लॅबच्या बाबतीत पहिली अडचण वजनाची आहे. चार इंची स्लॅबचा एक चौरस मीटर भाग २५० किलोच्या आसपास भरतो, तर तेवढ्याच जागेवरच्या मंगलोरी कौलांचे वजन चाळीस किलोच्या घरात असते. तुमच्या भिंती कौलांचा भार धरून बांधलेल्या आहेत. त्यांच्या सांध्यांत चुना आहे की माती, पाया किती खोल आहे आणि कुठे खचला आहे, हे न तपासता त्यांच्यावर स्लॅब ठेवणे धोक्याचे आहे.

दुसरी अडचण गंजाची. समुद्राच्या वाऱ्यातला क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचतो, लोखंड गंजू लागते, गंजलेल्या लोखंडाचे आकारमान मूळच्या दुपटीहून जास्त होते आणि काँक्रीट आतून फुटते. म्हणूनच भारतीय मानक ४५६ (सन २०००) किनारपट्टीच्या हवेतल्या प्रबलित, म्हणजे सळई घातलेल्या, काँक्रीटसाठी किमान एम-३० इतका मजबुतीचा दर्जा आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगते, आणि जिथे खारे तुषार प्रत्यक्ष उडतात तिथे एम-३५ आणि ५० मिलिमीटर. आपल्याकडच्या घरगुती स्लॅबमध्ये सळईखाली २० मिलिमीटरचा ठोकळा ठेवला तरी काम चांगले झाले असे मानतात. कोकणात फिरताना स्लॅबच्या घरांवर पुन्हा लोखंडी सांगाडा उभारून पत्रे घातलेले तुम्ही पाहिले असतील. स्लॅब टाकूनही शेवटी उतरते छप्पर करावेच लागले, याची ती खूण आहे. तेव्हा तो खर्च दोनदा करण्यापेक्षा आहे ते छप्पर नीट करणे शहाणपणाचे आहे.

छपराचे काम मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण घर टिकणार आहे ते त्याच्यावर. भर दुपारी माळ्यावर जाऊन दार-खिडक्या लावून घ्या आणि वर पाहा. जिथे उजेडाचे टिपके दिसतील तिथे कौल फुटले किंवा सरकले आहे. त्याच्या खालच्या रिपेवर खडूने खूण करा. कौले एकेक करून उतरवावीत, घासून घ्यावीत आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहावीत. खणखणीत वाजले ते कौल पुन्हा चढवायला हरकत नाही. मंद, फुटका आवाज आला तर त्याला आतून चीर गेलेली असते. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी असे कारखाने निघाले. तुमच्या कौलांच्या पाठीवर कारखान्याचा छाप असेल तो वाचून घ्या, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि नेमक्या त्याच सांध्यातून पाणी आत येते. कमी पडणारी कौले शक्यतो पाडलेल्या घरांतून त्याच छापाची आणावीत. तशी मिळाली नाहीत, तर चांगली जुनी कौले सगळी समुद्राकडच्या उतारावर घालावीत आणि नवी सगळी मागच्या उतारावर, म्हणजे एका उतारावर एकाच मापाचे कौल राहील.

वाशांना सरसकट निकाली काढू नका. टोकदार पेचकस घेऊन वासा भिंतीत जिथे शिरतो तिथे टोचून पाहा. बहुतेक वेळा तेवढेच टोक कुजलेले असते आणि उरलेला वासा ठणठणीत असतो. अनुभवी सुतार कुजलेले टोक कापून तिथे जुन्या, मुरलेल्या सागाचा किंवा फणसाचा जोड देतो. वाळवी मातीतून भिंतीवर चढते, त्यामुळे लाकडाला औषध लावून भागत नाही. जोत्याभोवती जमिनीतही उपचार करावा लागतो. लाकडासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण चांगले, किंवा तिथे मिळणारे काजूच्या टरफलाचे तेल. हे तेल कातडी भाजते, तेव्हा हातमोज्यांशिवाय कोणालाही ते हाताळू देऊ नका.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागले, तेव्हा दापोली-मंडणगडपर्यंत घरांची कौले आणि पत्रे उडाले. तेव्हापासून तरी नुसती टेकवलेली कौले पुरेशी समजू नयेत. वळचणीच्या ओळी, कडेच्या ओळी आणि आढ्यावरची कोन्याची कौले तांब्याच्या किंवा स्टेनलेस तारेने रिपांना बांधून घ्यावीत, आणि वासे भिंतीवरच्या पाटाला पट्ट्यांनी जखडावेत. पट्ट्या, खिळे, बिजागऱ्या, कड्या या सगळ्यांसाठी समुद्राजवळ साधे लोखंड वापरूच नये. पितळ किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस घ्यावे. बाजारात सहज मिळणारे ३०४ दर्जाचे स्टील खाऱ्या हवेत डागाळते. आत पीओपीचे छत करण्याचा आग्रह कोणी धरला, तर नम्रपणे नकार द्या. पीओपी दमट हवेत ओल धरते, आणि त्याहून वाईट म्हणजे गळती लपवते. वासा कुजून खाली येईपर्यंत तुम्हाला कळणार नाही. उकाडा आणि धूळ यांसाठी कौलांखाली लाकडी फळ्या किंवा सपाट मातीच्या कौलांचा थर द्या. माजघरात दिवसाही अंधार असेल, तर तीन-चार काचेची कौले घाला; एवढ्या थोड्या खर्चात त्या खोलीचे रूप पालटते.

चुन्याचे काम हल्ली कोणी करत नाही, असे तुम्हाला सांगण्यात येईल. कारागीर कमी झाले आहेत हे खरे, पण कोकणात देवळांची आणि जुन्या घरांची कामे करणारी माणसे अजून आहेत. दोन-चार गावांत चौकशी करावी लागेल. कळीचा चुना विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवलेला असावा, त्यात धुतलेली वाळू आणि विटांची सुरखी मिसळावी आणि गिलावा पातळ थरांनी द्यावा. चुना हवेतला कर्बवायू घेऊन घट्ट होतो, त्यामुळे काही दिवस त्याला ओल आणि सावली लागते. घाईने वाळवलेला चुना भुकटी होऊन गळतो. सगळ्या भिंतीला हात घालण्यापूर्वी मागच्या बाजूला दोन हात रुंदीचा नमुना करून घ्या आणि तो महिनाभर पाहा. «लवकर धरावे म्हणून मूठभर सिमेंट टाकतो» असे गवंड्याने म्हटले, तर टाकू देऊ नका. वरून चुन्याची सफेदी द्या. प्लॅस्टिक पेंट आणि वॉटरप्रूफ रंग भिंतीला पुन्हा कोंडून टाकतात.

भिंतींची बरीच ओल जमिनीतून येते. जोत्याभोवतीची माती वर्षानुवर्षे चढत गेलेली असते. ती खणून जमीन जोत्याच्या खाली न्या, उतार घरापासून बाहेर ठेवा आणि पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर खडी भरलेला चर काढून तो ओहोळाला जोडा. भिंतीला लागून सिमेंटचे अंगण करू नका. आतही हाच नियम आहे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलखाली अडलेली ओल भिंतीकडे सरकते, म्हणून चुन्याच्या थरावर शहाबादी किंवा कोटा फरशी घातलेली बरी. शहाबादी तर तुमच्या गवंड्यांच्या रोजच्या हातातली आहे.

आता सोयींकडे वळू. या वयात रात्री अंगण ओलांडून संडासला जावे लागू नये, हे अगदी रास्त आहे. बाथरूम आणि संडास मागच्या पडवीत, शक्यतो स्वतंत्र जोत्यावर करावेत, म्हणजे मूळच्या चिऱ्याच्या भिंतीत नळ पुरावे लागणार नाहीत. नळ भिंतीवरून उघडे न्यावेत, गळले तर लगेच दिसतात. इथे जे थोडे काँक्रीट लागेल ते वर सांगितलेल्या दर्जाचे करा, आणि त्यात समुद्राची वाळू किंवा मचूळ पाणी जाणार नाही याची खात्री स्वतः उभे राहून करा. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर लांब हवा. जांभ्या जमिनीतून पाणी भराभर झिरपते, त्यामुळे अंतर याहून जास्त ठेवता आले तर फारच चांगले. उंबरे कमी करा, दोन ठिकाणी धरायला दांडे लावा. वीजजोडणी पूर्ण नवी करा, अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा विजेचा गळतीरोधक स्विच (आरसीसीबी) बसवा. दमट भिंतीच्या घरात ही गोष्ट जिवाशी संबंधित आहे. वातानुकूलन हवेच असेल तर एकाच झोपायच्या खोलीला लाकडी छत करून तिथे बसवावे. सगळ्या घराला ते लावले तर त्याचा गारवा कौलांखाली टिकणार नाही, आणि झरोके पुन्हा उघडले तर त्याची गरजही फारशी भासणार नाही.

मुलाच्या म्हणण्याविषयी. त्याची इच्छा वाईट नाही, पण पाडण्यापूर्वी त्याला किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम वाचायला सांगा. १९९१ साली सुरू झालेले आणि २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी बदललेले हे नियम भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंत लागू होतात. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंतचा पट्टा सामान्यतः ना-विकास क्षेत्र असतो; दाट वस्तीच्या भागांसाठी २०१९ मध्ये ही मर्यादा ५० मीटर करण्यात आली. या पट्ट्यात जुन्या, अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, मात्र जोत्याचे क्षेत्र आणि चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) मूळचेच ठेवावे लागते. म्हणजे पाडून दुमजली बांधण्याचा बेत तिथे बहुधा बसणारच नाही, आणि एकदा पाडलेले घर पूर्वी किती होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडेल. काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, सातबारा आणि हक्कसोडीची नोंद एकत्र करा, घराचे चारही बाजूंनी मापासह फोटो काढून ठेवा आणि किनारपट्टी क्षेत्राच्या मंजूर नकाशावर घर कोणत्या पट्ट्यात येते ते तहसील कार्यालयात लेखी विचारा. मागची पडवी बाथरूमसाठी वापरतानाही जोते वाढणार नाही, हे पाहा.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. चुन्याचे काम पौष-माघात उरकावे, छपराचे अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस कधीही दाराशी येतो, आणि उघड्या छपराखाली जुना माळा एका रात्रीत भिजून जातो. सगळे एका वर्षात करण्याचा हट्ट नको. पहिल्या वर्षी छप्पर, भोवतालचे पाणी आणि पश्चिमेचा गिलावा काढणे एवढे करा, संडास-बाथरूम त्याच वर्षी जमले तर जमवा. चुना, फरशी आणि स्वयंपाकघर दुसऱ्या वर्षी. ठरवलेल्या रकमेचा सहावा-सातवा हिस्सा बाजूला ठेवा, कारण कौले उतरवल्यावर खाली काय निघेल ते कोणीच आधी सांगू शकत नाही. छप्पर आणि चुना तिथल्याच कारागिरांकडे द्या. अमळनेरचे गवंडी न्यायचेच असतील तर फरशी आणि बाथरूमसाठी न्या, त्या कामात त्यांचा हात धरणारे कोणी नाही.

आणि हे सगळे सुरू करण्यापूर्वी, जमल्यास येत्या आषाढात, तुम्ही दोघे आठ-दहा दिवस त्या घरात राहून या. गैरसोय होईल, पण पाणी नेमके कुठून शिरते, कोणत्या भिंतीवर झड येते, अंगणातले पाणी कुठे तुंबते हे उन्हाळ्यात कोणत्याही तज्ज्ञाला दिसणार नाही ते तुम्हाला दिसेल. त्याच मुक्कामात शेजारच्या एखाद्या विश्वासू कुटुंबाशी बोलून घ्या. तुम्ही वर्षातले आठ-नऊ महिने इथे असणार, आणि बंद घराला बुरशी आणि वाळवी फार लवकर गाठतात. आठवड्यातून दोनदा दारे-खिडक्या उघडणे, माळ्यावर एक नजर टाकणे, वळचणीचा चर साफ करणे आणि वैशाखात घर शाकारून घेणे, एवढ्यासाठी त्यांना दरमहा ठरावीक रक्कम द्या आणि ती खर्चाच्या अंदाजात पहिल्यापासून धरा. तसे कोणीच मिळाले नाही, तर दुसऱ्या वर्षीची कामे थांबवून तो पैसा राखून ठेवा आणि आधी माणूस शोधा.